बोटाला कळणारं तेल

रविवारी सकाळी सात वाजता शेजारच्या फाटकापाशी लाकडी पाट ओढल्याचा आवाज यायचा. सोळा वर्षं आला. मी पेशानं मास्तरीण. सोमवार ते शनिवार वाळूजच्या शाळेत पोरांना गणित शिकवून घसा बसलेला असायचा, रविवारी तरी आठपर्यंत झोपावं म्हटलं तर हा पाट. मनातल्या मनात किती वेळा शिव्या घातल्या असतील त्याला गणती नाही. आता वर्ष होत आलं, पाटाचा आवाज बंद आहे, आणि मला सातलाच जाग येते. जाग येऊन करायचं काय, तर नुसतं पडून राहायचं.

पाट औताडे काकांचा. रंगनाथ औताडे, मूळचे पैठणच्या बाजूचे. शेती भावांच्या हवाली करून तरुणपणीच शहरात आले आणि वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कुठल्या यंत्राला कुठलं तेल घालायचं, कधी घालायचं, कधी बदलायचं, हे बघायचं काम. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली असताना पुंडलिकनगरात आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांनी दोन खोल्या बांधल्या. तेव्हा आमच्या गल्लीत अर्धे प्लॉट रिकामे होते आणि बाभळी होत्या. आता चारमजली इमारती आहेत, खाली गाड्यांची गर्दी आहे आणि रस्ता कायम खणलेला आहे. काका मात्र तसेच. उंच, काटकुळे, अंगात कारखान्याचाच निळा शर्ट. खिशावरचा बिल्ला त्यांनी स्वतः उसवून काढला होता आणि त्या टाक्यांची भोकं शेवटपर्यंत दिसायची. डाव्या खांद्यावर फडकं. ते फडकं खांद्यावर नसलेले काका मी फक्त लग्नकार्यात पाहिले, आणि तिथं ते आजारी माणसासारखे दिसायचे.

रविवारी पाटावर बसून ते गल्लीतल्या गाड्या बघायचे. कुणी बोलवायची गरज नसायची. स्कूटर, मोटारसायकल, कार, जे आणाल ते. तेल मोजायची पट्टी इंजिनातून ओढायची, तिच्या टोकाचा थेंब उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर घ्यायचा, अंगठ्यानं तीनदा चोळायचा. चोळताना तेलाकडे बघायचे नाहीत, समोरच्या गच्चीवरच्या टाकीकडे बघायचे. मग निकाल. "झालं ह्याचं." किंवा, "आजून म्हयना काढंल." निकालावर अपील नाही. तेल बदललं की पुठ्ठ्याचा एक तुकडा तांब्याच्या तारेनं बॉनेटच्या आत बांधायचे. त्याच्यावर तारीख, किती किलोमीटर झाले तो आकडा, तेलाचं नाव आणि खाली सही, 'रं. औ.' आमच्या गल्लीतून विकली गेलेली गाडीसुद्धा तो पुठ्ठा दाखवला की लवकर जायची म्हणे. एकदा एका पोरानं बाजारातून सुटं तेल आणून आपल्या मोटारसायकलीत परस्पर ओतलं. काकांनी बोट लावलं, पाटावरून उठले आणि दोन महिने त्या पोराशी बोलले नाहीत. पोरगं रोज नमस्कार करायचं. शेवटी काकूंनी मध्यस्थी केली.

त्या बोटाची कीर्ती कारखान्यातली होती. ही गोष्ट मला त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका गृहस्थांनी सांगितली, काकांनी कधीच नाही. एकदा तेलाचे नवे पिंप आले. कागद बरोबर, शिक्का बरोबर. काकांनी एका पिंपात बोट बुडवलं, चोळलं आणि म्हणाले, हे यंत्रात जाणार नाही. वरच्या साहेबांनी समजावलं, मग दरडावलं. काका पिंपावर जाऊन बसले. अक्षरशः वर बसले. नमुना तपासायला पाठवला, दोन दिवसांनी उत्तर आलं, तेल दुसरंच होतं. साहेब भला माणूस, म्हणाला, तुमचा सत्कार करू, भिंतीवरचं घड्याळ देऊ. काका म्हणाले घड्याळ हाय घरी, आमच्या गल्लीत चौदा दिवस झाले नळ नाही, एक टँकर पाठवा. आणि कारखान्याचा टँकर खरोखर आला. तो मला आठवतो. मीही त्याच्या रांगेत कळशी घेऊन उभी होते, फक्त तो कुणाच्या बोटामुळे आला हे मला दहा वर्षांनी कळलं.

पाण्याचं काय सांगावं. पन्नासेक किलोमीटरवर एवढं मोठं धरण, आणि शहराला आठव्या-नवव्या दिवशी नळ. शहर वाढलं, नाव बदललं, पाइप मोठे येणार मोठे येणार म्हणून रस्ते खणले, त्यातच पाऊस एक वर्षाआड दगा देणार. आम्ही कंटाळायचंसुद्धा थांबवलं होतं. काकांचा घरात एक नियम होता, "रिकामं भांडं दिसायला नको." नळ आला की पातेलं, पिंप, कळशी, कुकर, तेलाचे धुतलेले कॅन, जे रिकामं दिसेल ते भरायचं, विचारायचं नाही. नियम काकांचा, पण भरायचं काम काकूंचं. साठी ओलांडलेली बाई, गुडघे दुखायचे, आणि नळ येणार पहाटे, दुपारी, कधीही. एकदा मी त्यांना चहाच्या गाळणीखालची वाटीसुद्धा भरताना पाहिलं. मी हसले तर म्हणाल्या, "हसा. ह्यांना रिकामी वाटी दिसली की माझं डोकं खातेत."

काकूंना पुण्याला जायचं होतं. त्यांचा एकुलता मुलगा संतोष तिथं नोकरीला होता, त्याच्या इमारतीत चोवीस तास पाणी होतं आणि काकूंना त्या नळाचं नातवंडांएवढंच कौतुक होतं. संतोष दर दिवाळीला यायचा आणि दर दिवाळीला तेच भांडण. काका हलायला तयार नाहीत. मी एकदा भिंतीपलीकडून ऐकलं. ऐकलं कसलं, ऐकूच यायचं.

"हितं सत्तर गाड्या माझ्या हाताखाली हायेत. तिथं मी काय करू, गॅलरीत बसून कबुतरं मोजू?" काका म्हणत होते. "ऐक. ज्या दिवशी माझ्या बोटाला तेल कळणार नाय ना, त्या दिवशी पिशवी भरतो. तवर नाव काढायचं नाय."

बापानं दिलेला शब्द घरात सगळ्यांना पाठ झाला.

त्यानंतर दोन वर्षांनी आमच्याकडे गाडी आली. आमच्या घरचे बँकेतून निवृत्त झालेले, गाडीतलं त्यांना फक्त रेडिओ कळतो. मला वाळूजला जायला काहीतरी हवं होतं, स्कूटरवर कंबर राहिली नव्हती. तर पुण्याच्या एका डॉक्टरांची वापरलेली हायब्रिड घेतली. पेट्रोलवरही चालते, बॅटरीवरही चालते आणि कधी कशावर चालायचं ते तिचं ती ठरवते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद, निघालं की पुन्हा आपोआप चालू. पहिले आठ दिवस मला वाटायचं गाडी बंदच पडली.

तेल बदलायची वेळ आली तेव्हा जो तो शहाणा झाला. गाडीच्या पुस्तकात जे तेल लिहिलं होतं ते पाण्यासारखं पातळ. मोंढ्याच्या बाजारातल्या दुकानदारानं कानाला हात लावला. "पतला तेल नक्को डालो मॅडम, इधर की गर्मी में इंजन बैठ जाता." शाळेतले सर म्हणाले, उन्हाळा त्रेचाळीसचा, जाडच घाला. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं तर न विचारता जाड तेलाचा डबा उघडायला घेतला होता. आणि खरं सांगायचं तर काकांनीही आजवर आमच्या गल्लीला हेच शिकवलं होतं. उन्हाळ्यात जाड, हिवाळ्यात जरा पातळ. त्यांचा शब्द म्हणजे गल्लीचा कायदा.

मला वाटलं, काका बोट लावतील आणि निकाल देतील. तसं झालं नाही. त्यांनी पट्टी ओढली, चोळली, टाकीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, पुस्तक द्या जरा."

पुस्तक तीन दिवस त्यांच्याकडे होतं. इंग्रजी त्यांचं सातवीपर्यंतचं. मी शाळेतून आले की फाटकापाशी उभे. बोटानं शब्द दाखवायचे, ह्याचा अर्थ काय, त्याचा अर्थ काय. मी दमलेली, तोंडावर पाणी मारायचं तर पाणी मोजून, आणि हे दारात. दोनदा तर मी चिडून म्हटलं, काका, तुम्ही बोटानं सांगता ना, मग पुस्तक कशाला? ते नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, आणि लागला तेव्हा मला त्या वाक्याची लाज वाटली. आजही वाटते.

चौथ्या दिवशी निकाल आला. पातळच. पुस्तकात लिहिलंय तेच, डब्यावर तेच आकडे बघून. गल्ली चकित झाली. काकांनी पाटावर बसून समजावून सांगितलं, "ह्या गाडीचं इंजिन दिवसातून शंभरदा निजतं अन् शंभरदा उठतं. सेवन हिलपासून नगर नाक्यापर्यंत सिग्नल मोजा. दर टायमाला उठलं की तेल वरपर्यंत लगोलग पोचायला पाहिजे. जाड तेल वाटेत रेंगाळतं, तवर वरचे भाग कोरडे घासतेत. बारीक फटी धरून बनवलंय हे इंजिन. उन्हाचा हिशोब करणाऱ्यांनी करून ठेवलाय, आपण करायचा नाय." मग म्हणाले, "आजवर म्या सांगितलं ते जुन्या इंजिनाला बरोबर होतं. ह्याला नाय." सत्तरीच्या माणसानं चारचौघांत आपलाच कायदा मागे घेणं मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या शाळेत तर कधीच नाही पाहिलं.

आणखी एक सांगितलं. जवळच्या जवळ फिरली तर इंजिन नीट तापत नाही, तेलात पाण्याचा अंश साठतो. म्हणून किलोमीटर झाले नाहीत तरी महिने झाले की तेल बदलायचं. आणि काम करताना गाडीची चावी गाडीजवळ ठेवायची नाही, नाहीतर आत माणसाचा हात असताना इंजिन आपलं आपण जागं व्हायचं. चावी काकूंच्या मसाल्याच्या डब्यात गेली. नंतर महिनाभर माझ्या पर्सला धन्याचा वास येत होता. बॅटरीच्या नारंगी वायरकडे तर, तिच्यात जबर वीज म्हणून, ते बघूही द्यायचे नाहीत. पहिली सर्व्हिस झाली, पुठ्ठा बांधला, सही झाली. गाडी मऊ चालली. मोंढ्यातला दुकानदार वाट बघत राहिला, इंजिन काही बसलं नाही.

दुसरी सर्व्हिस मे महिन्यात. नळ येऊन नऊ दिवस झाले होते, आणि आज येईल असं कुणी म्हणालं नव्हतं. काकांनी गाडीची पुढची चाकं लोखंडी उतारावर चढवली, खाली गोणपाट टाकून आडवे झाले, जुनं तेल परातीत काढलं, खालचा बोल्ट घट्ट केला. नव्या तेलाचा कॅन माझ्यासमोर सील तोडून उघडला, कारण सील मालकासमोरच तोडायचं हाही त्यांचा नियम. त्यातलं थोडं नव्या फिल्टरच्या रबराला चोळलं, फिल्टर बसवला. शेजारी मागच्या वेळचा रिकामा कॅन होता, स्वच्छ धुतलेला. जुनं तेल त्यात भरायचं होतं. दोन्ही कॅन एकाच कंपनीचे, करडे, दोघांचीही झाकणं उघडी.

तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला. नळ आला होता. पुढचा पाऊण तास कोण कुठं ते कुणाला कळलं नाही. मी माझ्याकडे धावले, काका गच्चीवरच्या टाकीचा पाइप धरायला गेले, काकू भांडी भरत सुटल्या. पाणी गेलं तेव्हा आम्ही सगळे भिजलेले आणि दमलेले. काका परत पाटावर येऊन बसले. मला म्हणाले, नरसाळं धरा.

मी नरसाळं इंजिनाच्या तोंडात धरलं. त्यांनी कॅन उचलला आणि नेहमीप्रमाणे आधी आत बोट घातलं. अंगठ्यानं तीनदा चोळलं, टाकीकडे बघत.

"बरोबर हाय," म्हणाले. "पातळ."

आणि ओतायला लागले. मागच्या वेळचं तेल मधासारखं पिवळं होतं, ते मला आठवत होतं. नरसाळ्यातून चाललं होतं त्याला रंगच नव्हता. मला कळायला एक क्षण लागला, दुसरा क्षण विश्वास बसायला. मग मी त्यांचं मनगट धरलं. तोवर पेलाभर गेलं असेल.

"काय झालं मॅडम?"

"काका, पाणी आहे ते."

काकूंनी रिकामा कॅन बघितला होता आणि काकांच्या नियमाप्रमाणे भरून ठेवला होता. एवढंच. काकांनी पुन्हा बोट आत घातलं. पुन्हा चोळलं. ह्या वेळी टाकीकडे नाही, बोटाकडे बघत. मग ते बोट त्यांनी जिभेला लावलं.

"पाणीच की," म्हणाले.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. गडबड झाली, कॅन सारखे दिसतात, कुणाचंही होईल, असंच काहीतरी. ते ऐकत नव्हते. फडक्यानं बोट पुसत होते, कोरडं झालं तरी पुसत होते. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं. साखरेच्या आजारानं बोटांचे शेंडे मेले होते. दोन वर्षं झाली होती. गाड्या ते वासावर, रंगावर, किलोमीटरच्या आकड्यावर आणि डब्यावरच्या अक्षरांवर बघत होते. बोट नुसतं गल्लीसाठी चोळत होते. पुस्तक तीन दिवस का लागलं, ते मला तेव्हा कळलं.

"मी कुणाला सांगणार नाही काका," मी म्हटलं. मनापासून म्हटलं, पण त्यात माझाही स्वार्थ होता हे कबूल करते. काका गेले तर माझ्या गाडीचं कोण बघणार, हा विचार मला त्याच क्षणी आला होता.

त्यांनी घराकडे बघितलं. काकू ओसरीवर बसून गुडघे चोळत होत्या, भोवती भरलेली भांडी.

"तुम्ही नका सांगू. मला सांगावं लागंल," काका म्हणाले. "म्या शब्द दिला होता. बोट गेलं तवाच पिशवी भरायची होती. नाय भरली. माझ्या खोट्या बोटापायी हिनं दोन उन्हाळे जास्तीचं पाणी वाह्यलं."

मग ते कामाला लागले. इंजिन चालू झालेलं नव्हतं, त्यामुळे वाचलं होतं. खालचा बोल्ट पुन्हा काढला, पाणी जाऊ दिलं, दुपारभर तसंच उघडं ठेवलं. संध्याकाळी थोडं नवं तेल आतून फिरून बाहेर येऊ दिलं, आणि कमी पडेल तेवढा आणखी एक कॅन मला आणायला लावला. ओतायच्या आधी कॅन माझ्यासमोर धरला.

"घाला बोट."

मी घातलं. अंगठ्यानं चोळलं. त्यांनी विचारलं, कसं लागतंय. मी म्हटलं निसटतंय, पण बोटावर राहतंय. पाणी राहत नाही. ते म्हणाले, बास, एवढं कळलं तर गाडी सांभाळाल. मग परातीतलं जुनं तेल चोळायला लावलं, त्यात कचकच लागते का विचारलं. माझ्या बोटानं ते तेल बघत होते. पुठ्ठ्यावर तारीख लिहिली, आकडा लिहिला, तेलाचं नाव लिहिलं आणि पेन माझ्याकडे दिलं. मी सही करायला नाही म्हटलं. ते पेन धरूनच उभे राहिले, शेवटी मी केली.

काकूंना त्यांनी त्याच दिवशी सांगितलं असावं. भिंतीपलीकडून मला काही ऐकू आलं नाही, भांडण तर नाहीच. दुसऱ्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या, बसल्या आणि रडल्या. मला वाटलं होतं त्या खूश होतील, इतकी वर्षं त्या नळाची वाट बघत होत्या. म्हणाल्या, "रातच्याला पुस्तक घेऊन बसायचे. मी म्हणायची, ह्या वयात कसला अभ्यास. मला काहून सांगितलं नसंल हो?" आम्ही दोघी चहा न करता बसून राहिलो.

जूनच्या शेवटी संतोष न्यायला आला. पाऊस नव्हताच. गल्लीत पाइपासाठी पुन्हा खणलं होतं, म्हणून त्यानं गाडी तोंडाशी लावली आणि सामान हातानं नेलं. काका त्या दिवशी खांद्यावर फडकं न टाकता आले. माझ्या गाडीपाशी थांबले, बॉनेट उघडायला लावलं, पट्टी ओढली आणि माझ्यापुढे धरली. मी थेंब घेतला, चोळला. निघायची घाई असलेला संतोष लांब उभा राहून बघत होता.

"काय म्हणतंय?"

"ठीक आहे काका. अजून चार महिने काढेल."

"चार नाय. तीन. तुम्ही जवळच्या जवळ फिरता," म्हणाले, आणि पट्टी पुसून परत घातली. फडकं खिशात होतं. ते बाहेर काढून माझ्या हातात दिलं.

खड्ड्याच्या कडेनं काकूंचा हात धरून ते चालत गेले. गाडी सुटली तेव्हा काच खाली होती आणि काकांचा उजवा हात बाहेर होता. मला वाटलं ते हात हलवतायत, म्हणून मीही हलवला. मग नीट बघितलं. ते अंगठ्यानं बोट चोळत होते.